तेरा अधिक एक : 'द वायर'मधल्या बिननावाच्या बायका

काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या घरी 'द वायर' या अमेरिकन मालिकेचा दुसरा हंगाम आम्ही चारपाच जणांनी सलग पाहिला. त्याच्या पहिल्या भागात एक प्रसंग आहे. बाल्टिमोर बंदराच्या पाण्यात एका तरुण बाईचं प्रेत सापडतं. ते कोणाच्या हद्दीतलं, यावर शहर पोलीस आणि शेजारच्या काउंटीचे पोलीस यांच्यात ढकलाढकली होते आणि शेवटी प्रकरण काउंटीच्या गळ्यात पडतं. वरिष्ठांनी सूडबुद्धीने गस्तीच्या बोटीवर पाठवलेला जिमी मॅकनल्टी मग भरतीओहोटीची कोष्टकं आणि वाऱ्याच्या नोंदी घेऊन बसतो आणि बाई शहराच्याच हद्दीत पाण्यात पडली, हे सिद्ध करतो. ज्या साहेबाने त्याला बोटीवर धाडलं त्याच्याच माथी हा न उलगडणारा खून बसतो. आम्ही सगळे खदखदून हसलो होतो. कुणीतरी टाळीसुद्धा दिली.

यंदाच्या पावसाळ्यात तो भाग आणि त्याच्या पुढचा भाग मी पुन्हा पाहिला, तेव्हा हसू आलं नाही. आपण नेमकं कशाला हसलो होतो, हा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. या लेखाचं निमित्त तेवढंच. मानवी तस्करी हा विषय पडद्यावर येतो तेव्हा आपण कोणाकडे पाहतो, कोणाच्या बाजूने पाहतो आणि जिची तस्करी झाली ती त्या गोष्टीत नेमकी कुठे असते, हे मला तपासायचं आहे.

दोन भाग, एक कंटेनर

आधी थोडी ओळख. 'द वायर' एचबीओवर २००२ ते २००८ या काळात पाच हंगामांत दाखवली गेली. तिचा कर्ता डेव्हिड सायमन हा 'बाल्टिमोर सन' या दैनिकाचा गुन्हेवार्ताहर होता. त्याचा सहलेखक एड बर्न्स हा बाल्टिमोर पोलिसांत खुनांचा तपास करणारा अधिकारी होता आणि पुढे शाळेत शिक्षक झाला. पहिला हंगाम अमली पदार्थांच्या धंद्यावर होता. २००३च्या जूनमध्ये सुरू झालेला दुसरा हंगाम गोदीकडे वळला. त्याचे पहिले दोन भाग एड बियांकी यांनी दिग्दर्शित केले आहेत. पहिल्याचं नाव ओहोटीवरून दिलेलं आहे. दुसऱ्याचं नाव युद्धाच्या परिभाषेतून घेतलेलं आहे : लक्ष्य नसताना मारले गेलेल्यांसाठी लष्करी पत्रकांत वापरतात तो शब्द.

कथा अशी : गोदीत एक कंटेनर उतरतो. तो परस्पर बाहेर काढायचा असतो, पण न्यायला कोणी येत नाही आणि तो तसाच थप्पीत पडून राहतो. बंदर पोलिसांतली बीडी रसेल नेहमीची फेरी मारत असताना तिला त्याचं कस्टमचं सील तुटलेलं दिसतं. आत पूर्व युरोपातून आणलेल्या तेरा बायका मेलेल्या सापडतात. हवा आत येण्यासाठी बसवलेला पाईप चेपलेला असतो. पाण्यात सापडलेली चौदावी. तेरा अधिक एक.

ही कल्पना लेखकांनी हवेतून उचललेली नाही. जून २०००मध्ये इंग्लंडमधल्या डोव्हर बंदरात टोमॅटोच्या एका ट्रकमध्ये अठ्ठावन्न चिनी स्थलांतरितांचे मृतदेह सापडले होते. साठांपैकी दोघेच वाचले. चालकाने हवेची झडप बंद केली होती. पुढे ऑक्टोबर २०१९मध्ये एसेक्समध्ये एका शीतपेटीत एकोणचाळीस व्हिएतनामी माणसं तशीच गुदमरून मेली. मालिकेने दाखवलेलं मरण त्या अर्थाने अपवादात्मक नाही. माल वाहून नेण्यासाठी बनवलेल्या पेटीत माणसं घातली की काय होतं, ते जगाला आधी माहीत होतं आणि नंतरही कळत राहिलं.

'आमच्या हद्दीत येत नाही'

या दोन भागांत तपासापेक्षा तपास टाळण्याला अधिक वेळ दिला आहे. कंटेनर उघडल्यावर धक्क्यावर निरनिराळ्या खात्यांची माणसं गोळा होतात. बंदराचं पोलीस खातं, कस्टम, तटरक्षक दल, केंद्राच्या यंत्रणा. प्रत्येकाकडे प्रकरण आपलं का नाही याचं कारण तयार आहे. सुरुवातीला हे मृत्यू अपघाती धरले जातात. दुसऱ्या मालाचा धक्का लागून पाईप चेपला असेल, असा समज. आपल्याकडच्या भाषेत बोलायचं तर 'अकस्मात मृत्यूची नोंद'. तशी नोंद झाली की आरोपी शोधावा लागत नाही.

मराठी वाचकाला हे समजून सांगायची गरज नाही. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' हे वाक्य आपल्याकडे पोलीस ठाण्याच्या पायरीवर पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलं आहे. हद्द कोणतीही असो, तक्रार नोंदवून घ्या आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवा, ही 'झिरो एफआयआर'ची पद्धत २०१३नंतर रुजवावी लागली आणि आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत लिहिली गेली आहे. कायद्यात ते लिहावं लागलं यातच सगळं आलं.

दुसऱ्या भागात मॅकनल्टी पुन्हा उचल खातो. पाईप अपघाताने चेपलेला नाही, तो मुद्दाम ठोकून बंद केला आहे, हे तो दाखवून देतो. म्हणजे तेरा अपघात नव्हेत, तेरा खून. जहाज त्या वेळी कुठे होतं याचा हिशोब मांडून तो हेही दाखवतो, की बायका मेल्या तेव्हा जहाज शहराच्या हद्दीत होतं. रॉल्स या वरिष्ठाच्या नावावर आता चौदा न सुटलेले खून. वर्षभर सांभाळलेली उकल झालेल्या गुन्ह्यांची टक्केवारी पार बुडते.

आमची टाळी इथली. पुन्हा पाहताना लक्षात आलं ते असं, की खुनाला खून म्हणण्याचं सगळ्यांत मोलाचं काम या भागात झालं, पण ते न्यायासाठी झालं नाही. एका नोकरदाराला आपल्या साहेबाचा बदला घ्यायचा होता. बायकांचं मरण हे त्याच्या हातातलं हत्यार होतं. आम्ही प्रेक्षक त्याच्या बाजूचे होतो, म्हणून आम्हीही त्या प्रेतांकडे हत्यार म्हणूनच पाहिलं. लेखकाने आमच्यासाठी लावलेला हा सापळा आहे आणि आम्ही त्यात अलगद सापडलो.

मॅकनल्टी याच्यापुढे जातो, हेही नोंदवायला हवं. पाण्यात सापडलेल्या बाईचं नाव शोधून घरच्यांना कळवावं, असं त्याच्या मनात येतं. तो खरोखर हिंडतो, विचारपूस करतो. नाव मिळत नाही आणि शेवटी तो नाद सोडतो. बिननावाच्या स्त्रीला अमेरिकन पोलिसी कागदांत 'जेन डो' म्हणतात. आपल्याकडे 'अनोळखी स्त्री जातीचे प्रेत' म्हणतात. ती तशीच राहते.

मालाचा हिशोब

हंगामाचा खरा नायक फ्रँक सोबोत्का आहे, गोदी कामगारांच्या संघटनेचा खजिनदार. बंदरातलं काम आटत चाललं आहे. कंटेनर आले, यंत्रं आली, माणसं कमी लागू लागली. मुंबईच्या गोदीचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना ही कहाणी घरची वाटेल. फ्रँक तस्करांचे कंटेनर बिनबोभाट बाहेर काढून देतो. मिळणारा पैसा तो स्वतःवर उडवत नाही. कालवा खोल व्हावा, धान्याचा जुना धक्का पुन्हा सुरू व्हावा, यासाठी तो राजकारण्यांना भिडणाऱ्या मध्यस्थांवर खर्च करतो. चांगल्या हेतूने केलेला भ्रष्टाचार, असं त्याचं स्वतःपुरतं समर्थन आहे.

तेरा प्रेतांची बातमी कळल्यावर तो हादरतो आणि टोळीचा कारभारी वोंडास याला जाब विचारतो : आत माणसं आहेत हे मला का नाही सांगितलं? वोंडासचं उत्तर शांत आणि बिनतोड आहे. आत काय आहे हे तू आजवर कधी विचारलं नाहीस, तुला जाणूनच घ्यायचं नव्हतं, असा त्याचा आशय. फ्रँककडे यावर उत्तर नाही. माझ्या मते दोन्ही भागांचा वैचारिक कणा या लहानशा प्रसंगात आहे. तस्करीला राक्षसांपेक्षा न विचारणाऱ्या सज्जनांची जास्त गरज असते. सील तपासणारा, पेटी उचलणारा, कागदावर सही करणारा, घरभाडं घेणारा. प्रत्येकाने एक प्रश्न गिळला की पेटी मुक्कामाला पोचते.

मृत्यूचं खरं कारण प्रेक्षकाला कळतं तेही त्याच भागात, आणि कळण्याची जागा पाहण्यासारखी आहे. टोळीची माणसं जहाजावरच्या एका खलाशाला पकडून त्याच्याकडून कबुली घेतात. प्रवासात बायकांना बाहेर काढून खलाश्यांपुढे उभं केलं जात होतं. एकीने विरोध केला. ती मेली, तिला समुद्रात टाकलं. बाकीच्यांनी ते पाहिलं होतं, म्हणून हवेचा पाईप बंद केला. चौदा बायकांच्या शेवटाची एवढीच हकिकत आपल्यापर्यंत येते. सांगणारा आहे त्यांचा खुनी, आणि ऐकणारा आहे त्यांचा मालक. मालक त्याला मारतो ते त्याने नुकसान केलं म्हणून.

या हकिकतीत एक गोष्ट मात्र लपत नाही. सगळी साखळी कोसळली ती एका बाईने 'नाही' म्हटल्यामुळे. सबंध हंगामाच्या घटनाक्रमाला खरी सुरुवात तिने केली आहे. ती पडद्यावर आपल्याला भेटते ती पाण्यावर तरंगणारं प्रेत म्हणून.

आणि तपास? सोबोत्कावर पोलिसांची नजर वळते ती या प्रेतांमुळे नाही. व्हॅलचेक नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला पोलिश वस्तीतल्या चर्चमध्ये रंगीत काचेची खिडकी द्यायची असते. त्याच्या आधीच गोदी कामगारांनी तिथे आपली खिडकी दिलेली असते. एवढा पैसा यांच्याकडे आला कुठून, या चिडीतून चौकशी सुरू होते. चौदा मृतदेहांना जे जमलं नाही ते एका खिडकीच्या मानापमानाने केलं. सायमनचा उपरोध इथे सर्वांत धारदार आहे.

तस्करी आणि चोरवाट

या ठिकाणी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण मराठीत आपण दोन्हींना 'तस्करी' म्हणतो. नोव्हेंबर २०००मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारलेल्या पूरक करारांत दोन स्वतंत्र गुन्हे मानले आहेत. पैसे घेऊन एखाद्याला चोरवाटेने सीमा ओलांडून देणं हा एक. फसवून, धाकाने किंवा असहायतेचा फायदा घेऊन माणसाला शोषणासाठी ताब्यात घेणं हा दुसरा. दुसऱ्यात सीमा ओलांडली जायलाच हवी असं नाही. फसवणुकीने मिळवलेली संमती त्यात संमती धरली जात नाही. डोव्हरची माणसं पहिल्या प्रकारातली होती. 'द वायर'मधल्या बायका दुसऱ्या.

आपल्याकडे राज्यघटनेचं कलम २३ माणसांच्या व्यापाराला मनाई करतं. त्यासाठी १९५६चा कायदा आहे, पण त्याचा रोख मुख्यतः वेश्याव्यवसायावर राहिला. शोषणासाठी माणसाचा व्यापार, अशी व्यापक व्याख्या दंडसंहितेच्या कलम ३७०मध्ये आली ती २०१३ साली. आज ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३मध्ये आहे.

हा भेद समीक्षेसाठी महत्त्वाचा का? कारण व्याख्येच्या मध्यभागी एक प्रश्न आहे : त्या बाईला काय सांगितलं गेलं होतं आणि तिला काय हवं होतं? हा प्रश्न तिलाच विचारावा लागतो. मालिका तो विचारू शकत नाही, कारण तिने त्या चौघीजणींना नव्हे, चौदाही जणींना आधीच मारून टाकलं आहे.

कमलाचा प्रश्न

पुन्हा पाहताना मी वही घेऊन बसलो होतो. तीन रकाने केले : या बायकांना कोण पाहतं, त्यांच्याविषयी कोण बोलतं, त्या स्वतः काय बोलतात. पहिले दोन रकाने भरत गेले. तिसरा कोरा राहिला.

तेव्हा मला तेंडुलकरांचं 'कमला' आठवलं. १९८१मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी बायकांचा बाजार सिद्ध करण्यासाठी खरोखर एक बाई विकत घेतली होती. त्या घटनेवरून सुचलेलं हे नाटक. त्यातला जयसिंग जाधव हा पत्रकार अडीचशे रुपयांना कमला नावाची आदिवासी बाई विकत घेऊन दिल्लीच्या घरी आणतो आणि पत्रकार परिषदेत उभी करतो. मॅकनल्टीसारखाच तोही सत्याच्या बाजूचा आहे, आणि त्याच्यासारखाच स्वतःच्या हिशोबात गुंतलेला. त्याच्या लेखी कमला हा पुरावा आहे.

पण तेंडुलकरांनी एक गोष्ट केली जी सायमनने केली नाही. त्यांनी कमलाला एक रात्र दिली आणि जयसिंगच्या बायकोसमोर बसवलं. कमला सरिताला अगदी सहजपणे विचारते, की यांनी तुम्हाला केवढ्याला घेतलं. त्या एका प्रश्नाने सुशिक्षित, प्रतिष्ठित घराचा पाया हलतो. सरिताला आपलं स्थान दिसतं. कमला नंतर रंगमंचावरून जाते, पण नाटक तिच्या प्रश्नावर चालत राहतं.

'द वायर'च्या त्या कंटेनरमधून असा प्रश्न बाहेर येत नाही. उरलेल्या हंगामात कुंटणखान्यातल्या बायका दिसतात, पण तिथेही मॅकनल्टी गिऱ्हाईक बनून जातो तो प्रसंग विनोदाचाच होतो. मुळात इंग्लिश असलेला नट अमेरिकन पोलीस होऊन वाईट इंग्लिश उच्चार काढतो, याची गंमत. धाडीच्या वेळी तो ज्या अवस्थेत सापडतो त्याचीही गंमत. खोलीतल्या बायकांना त्या वेळी काय वाटलं असेल, हे गमतीच्या बाहेर राहतं.

दोष की भूमिका?

याचा एक बचाव आहे आणि तो हलका नाही. बचाव असा : सायमनला व्यवस्था दाखवायची आहे. व्यवस्था या बायकांना ऐकत नाही, म्हणून मालिकेतही त्या ऐकू येत नाहीत. त्यांना हृदयद्रावक भूतकाळ आणि चार संवाद दिले असते तर आपण डोळे पुसून मोकळे झालो असतो. सुटकेच्या गोष्टींत तेच होतं. आपल्याकडच्या 'मर्दानी'सारख्या (२०१४) चित्रपटात शूर पोलीस अधिकारी मुलींना सोडवते, खलनायकाला शिक्षा होते आणि प्रेक्षक निश्चिंत मनाने घरी जातो. 'द वायर' ही निश्चिंती देत नाही.

हा बचाव मला अर्धा पटतो. अर्धाच, कारण तीच मालिका गोदी कामगारांबाबत वेगळी वागते. व्यवस्था त्यांचंही ऐकत नाही. तरी मालिका त्यांना बारा भाग देते : त्यांचा दारूचा अड्डा, थट्टा, बापलेकांची भांडणं, जुन्या बंदराच्या आठवणी. त्यांच्या चुका आपल्याला समजतात, कारण त्यांची माणसं म्हणून ओळख झालेली असते. म्हणजे दुर्लक्षित माणसाला आवाज देऊनही भाबडेपणा टाळता येतो, हे सायमनला उत्तम जमत होतं. मग चौदांपैकी एकीसाठी, एका दृश्यापुरतं, कंटेनरच्या आतून पाहणं त्याला अशक्य नव्हतं. त्याने ते केलं नाही. गोदीतली पुरुषांची शोकांतिका उभी करण्यासाठी बायकांची प्रेतं पायात घातली गेली. दुसऱ्या भागाचं लष्करी नाव मालिकेच्या रचनेलाही लागू पडतं.

असं असूनही मी हे दोन भाग मोठेच मानतो. इतर मालिका तस्करीचा दोष चारदोन क्रूर चेहऱ्यांवर टाकून मोकळ्या होतात. इथे तो सील, कोष्टक, टक्केवारी आणि न विचारलेला प्रश्न यांच्यात वाटलेला दिसतो. आणि त्यात एक वाटा माझ्याही हसण्याचा आहे, हे वीस वर्षांपूर्वी बनलेली मालिका मला आज दाखवून देऊ शकते.

बाल्टिमोरच्या खून विभागात एक फळा असतो. न सुटलेल्या खुनांची नावं लाल शाईत, सुटलेल्यांची काळ्या. हंगामाच्या अखेरीस टोळीतला सर्गेई बोलतो, खुनी खलाशी आधीच मारला गेला आहे हे कळतं आणि चौदाही प्रकरणं मिटतात. खटला नाही, साक्ष नाही, कुणाच्या घरी निरोप नाही. फक्त शाई बदलते. रॉल्सची टक्केवारी सावरते.

माझ्या वहीतला तिसरा रकाना मी कोराच ठेवला आहे. 'तिला काय हवं होतं' एवढंच त्याच्या डोक्यावर आता लिहिलं आहे.